ऊब आणि गारवा : घरगुती बिअरच्या किण्वनातील तापमान-नियंत्रणाचा इतिहास (इंग्लंडच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

बिअरच्या इतिहासावरील लेखनात तापमान-नियंत्रण हा विषय बहुधा गारव्याच्या अंगाने येतो. बव्हेरियातील बर्फाची तळघरे, कार्ल फोन लिंडे यांचे शीतयंत्र, कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा ही त्या इतिहासातील ठळक स्थळे होत. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी बिअर करणाऱ्या मनुष्याची अडचण मात्र नेमकी उलट राहिली आहे. वर्षातील बहुतेक महिने त्याला आपले भांडे थंड नव्हे, तर उबदार ठेवावे लागते. यीस्ट त्याच जातीचे, माल्टचा गोड काढा तसाच, देशही तोच. मग कारखान्याला गारवा आणि घराला ऊब का लागावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तापमान मोजण्याचे व राखण्याचे ज्ञान प्रथम घरातील हाताच्या पारखीत होते. १८व्या शतकात ते उपकरणाच्या रूपाने मोठ्या ब्रुअरीच्या स्वाधीन झाले आणि कारखान्याच्याच गरजांनुसार घडत गेले. १९६३ नंतर ते घरी परतले, परंतु कारखान्याचे साधन घराच्या उपयोगाचे नसल्याने घराला आपले साधन नव्याने जुळवावे लागले, अशी येथे मांडणी केली आहे.

उष्णतेचा हिशेब

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक भौतिक वस्तुस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो साखरेमागे ती सुमारे ५८० किलोज्यूल असते. पाच इंपीरियल गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर, हे इंग्रजी घरगुती भांड्याचे रूढ माप. त्यात मध्यम कडक बिअर करताना सुमारे पावणेदोन किलो साखर खर्ची पडते. निर्माण झालेली सारी उष्णता भांड्यातच कोंडून राहिली, तर द्रवाचे तापमान दहा-अकरा अंश सेल्सिअसने वाढेल. ही वाढ भांडे लहान असो वा मोठे, सारखीच राहील. कारण साखर आणि पाणी यांचे प्रमाण दोन्हींत तेच असते.

फरक पडतो तो उष्णता निसटण्याच्या वेगात. भांड्याची उष्णता त्याच्या पृष्ठभागातून बाहेर जाते आणि भांडे जसजसे मोठे होते, तसतसा दर लिटरमागे येणारा पृष्ठभाग घटत जातो. हजार पिंपांचा हौद, म्हणजे सुमारे १,६३,७०० लिटर, घरगुती भांड्याच्या सात हजार पटींहून मोठा असतो. परंतु त्यात एका लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग घरगुती भांड्याच्या तुलनेत जेमतेम एकोणिसावा हिस्सा भरतो. घरगुती भांड्यात किण्वन चार दिवस चालले, तर उष्णतानिर्मितीचा सरासरी दर तीन वॅटच्या आसपास येतो. देवघरातील झिरोच्या दिव्याचीही ऊब याहून अधिक असते. उघड्यावर ठेवलेले असे भांडे भोवतालच्या हवेपेक्षा अंश-दीड अंशच उबदार राहू शकते, आणि खोली १२ अंशांवर उतरली की यीस्ट मंदावून तळाशी बसते. हौदातील उष्णतेला मात्र बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. तेथे तापमान चढत जाते व २५ अंशांपलीकडे बिअरला उग्र, डोके धरणारी चव देणारी उच्च अल्कोहोले वाढू लागतात. इंग्रजी एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांच्या पट्ट्यात उत्तम काम करते. त्या पट्ट्यात राहण्यासाठी लहान भांड्याला बाहेरून ऊब द्यावी लागते, मोठ्या हौदातून ती काढून घ्यावी लागते.

हाताची पारख

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल करणे हे घरकामच होते आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होते. जुडिथ बेनेट यांनी १३०० ते १६०० या कालखंडावरील आपल्या ग्रंथात (१९९६) दाखविल्याप्रमाणे, घरापुरती एल करून उरलेली विकणाऱ्या स्त्रिया १४व्या शतकात गावोगाव होत्या. १६०० च्या सुमारास हा धंदा बव्हंशी पुरुषांच्या आणि मोठ्या भांडवलाच्या हाती गेला. हॉपच्या वापरामुळे बिअर टिकाऊ झाली, दूरवर विकता येऊ लागली व मोठ्या प्रमाणावर करणे किफायतशीर ठरले, हे त्यामागील एक प्रमुख कारण. तापमापकाने स्त्रियांना या धंद्यातून हुसकावले, असे म्हणण्यास आधार नाही. तो अवतरला तेव्हा त्या आधीच बाहेर पडल्या होत्या.

या स्त्रियांजवळ तापमान जाणण्याची रीत नव्हती असे मात्र नव्हे. काढा धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की त्यात यीस्ट घालावे, ही खूण युरोपभर आढळते. माल्ट भिजविण्याच्या पाण्यासाठी दुसरी खूण होती. उकळलेल्या पाण्यावरील वाफ विरून त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसू लागला की पाणी योग्य तेवढे निवाले असे समजत. विल्यम कॉबेट यांनी १८२१-२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात तापमापकाचा अंश सांगितला आहे आणि तो जवळ नसल्यास ही चेहऱ्याची खूणही दिली आहे. उपकरण मद्यव्यवसायात रूढ होऊन अर्धशतक लोटले होते, तरी मजुराच्या झोपडीत ते असेलच असे कॉबेट यांनी धरले नाही, ही बाब बोलकी आहे.

भांडे चुलीजवळ ठेवणे, पोत्यात वा घोंगडीत गुंडाळणे, आधीच्या खेपेचे ताजे यीस्ट वापरून किण्वन झटपट उरकणे हे घरगुती उपाय होते. थंडीच्या दिवसांत विरजणाचे भांडे फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवणाऱ्या मराठी घराला ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. ती अडाणी तर मुळीच नव्हे. उष्णता उत्पन्न करता येत नसेल तेथे ती निसटू न देणे, हाच मार्ग शास्त्रालाही मान्य आहे.

जे युक्तीने साधत नसे ते ऋतूवर सोपविले जाई. बव्हेरियात १५५३ मध्ये निघालेल्या आज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई केली. उन्हाळ्यात बिअर नासते, हा अनुभव त्यामागे होता. इंग्लंडमध्येही मार्च आणि ऑक्टोबर हे उत्तम बिअरचे महिने मानले जात.

तापमापक आणि ब्रुअरी

फॅरेनहाइट यांचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा. बिअर करणाऱ्यांना त्याचा पद्धतशीर वापर शिकविण्याचे श्रेय हँपस्टेडचे ब्रुअर मायकेल कॉम्ब्रून यांना दिले जाते. त्यांचा निबंध १७५८ मध्ये आणि त्याची विस्तारित आवृत्ती ‘द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ ब्रुइंग’ १७६२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉम्ब्रून यांचे रसायनशास्त्र आज टिकणारे नाही; परंतु प्रत्येक टप्प्यावर अंश नोंदवावेत, हा त्यांचा आग्रह टिकला. हॅम्पशर परगण्यातील आल्टन येथील जेम्स बॅव्हरस्टॉक यांनी ते पुस्तक वाचून तापमापक आणला. वडिलांचा विरोध असल्याने तो त्यांना चोरून वापरावा लागला, अशी हकीकत नमूद आहे. पुढे द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरची शिफारस घेऊन ते लंडनचे बडे ब्रुअर सॅम्युअल व्हिटब्रेड यांच्याकडे गेले असता त्यांची बोळवण झाली. हेन्री थ्रेल यांनी मात्र त्यात रस घेतला. हलचे जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये घनतामापनाचे पुस्तक काढून ही पद्धत व्यवसायात रुजविली.

व्हिटब्रेड यांच्या नकाराचे हसू येणे सोपे आहे. पण त्यामागे एक व्यवहार होता. अनुभवी कारागिराची पारख ही ब्रुअरीची पुंजी. ती काचेच्या नळीत आणि कोष्टकात उतरली की कोणालाही उचलता येईल. प्रत्यक्षात या उपकरणांचा सर्वाधिक लाभ व्हिटब्रेड यांच्यासारख्या मोठ्यांनाच झाला. पीटर मथायस यांनी इंग्लिश बिअर-व्यवसायाच्या इतिहासात (१९५९) हे साधार मांडले आहे. मोठ्या प्रमाणावर उत्पादन म्हणजे मोठी जोखीम. एक हौद बिघडला तर शेकडो पिंपे वाया. त्यामुळे चूक टाळणाऱ्या उपकरणाची किंमत लहान माणसाला जड, मोठ्याला क्षुल्लक. व्हिटब्रेडच्या ब्रुअरीने १७८५ मध्ये वाफेचे इंजिन बसविले आणि १७९६ मध्ये एका वर्षात दोन लाख पिंपांचा टप्पा ओलांडला.

हौद एवढे वाढल्यावर उष्णता काढून घेण्याचा प्रश्न तीव्र झाला. १८व्या शतकाच्या अखेरीस ‘अटेंपरेटर’ हे साधन प्रचारात आले. हौदात तांब्याच्या नळ्यांचे वेटोळे सोडून त्यातून विहिरीचे थंड पाणी खेळवीत. त्याच नळ्यांतून गरम पाणीही सोडता येई आणि कडक थंडीत किण्वन रेंगाळले तर तसे करीत. म्हणजे ऊब देण्याचे यांत्रिक साधनही प्रथम कारखान्यातच निर्माण झाले, फक्त तेथे ते दुय्यम राहिले. घरी असे वेटोळे बसविणे अशक्य नव्हते. पण दिवसरात्र वाहते पाणी आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूस घरात कोठून येणार?

या व्यवसायाने अंशांबाबत जी काटेकोर शिस्त अंगी बाणविली, तिचे एक अनपेक्षित फळ भौतिकशास्त्राला मिळाले. जेम्स प्रेस्कॉट जूल हे सॅल्फर्डच्या ब्रुअरचे पुत्र व स्वतः त्या व्यवसायात काम केलेले गृहस्थ. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचे प्रमाण त्यांनी १८४० च्या दशकात निश्चित केले ते तापमानातील अत्यल्प फरक वाचूनच. ही सवय ब्रुअरीतील होती, असा युक्तिवाद विज्ञानाच्या इतिहासकारांनी केला आहे आणि तो पटण्याजोगा आहे.

शीतयंत्र आणि भूगोल

यानंतरचा कारखानदारी इतिहास सुपरिचित असल्याने येथे थोडक्यात पुरे. लुई पाश्चर यांनी १८७१ मध्ये व्हिटब्रेडच्या ब्रुअरीला भेट देऊन सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची तपासणी केली. त्यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा. लिंडे यांनी १८७३ पासून म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आपले शीतयंत्र आजमावले. एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग येथे शुद्ध यीस्टची एकल पैदास व्यवहारात आणली. थंड किण्वनाची लागर बिअर आता कोणत्याही ऋतूत, कोणत्याही देशात करता येऊ लागली.

शीतयंत्रापूर्वी हे काम भूगोलाला करावे लागे. ब्रिटिश सैन्यासाठी भारतात बिअर करण्याचा उद्योग १९व्या शतकाच्या मध्यास रुजला, तो मैदानात नव्हे तर डोंगरांत, कसौली आणि मरी येथे. एडवर्ड डायर यांचे नाव या उद्योगाशी निगडित आहे. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १९१९ मध्ये गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्यांचाच मुलगा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर माडीला ना ऊब लागते, ना गारवा. झाडावरच्या मडक्यातच ती आंबू लागते आणि काही तासांत पिण्याजोगी होते. ती टिकत नाही, आणि टिकावी अशी अपेक्षाही नसते. बिअर मात्र आठवडे-महिने टिकली पाहिजे. तापमानाचा सारा खटाटोप या अपेक्षेपोटी आहे.

कायदा, कपाट आणि हीटर

घरगुती बिअर इंग्लंडमधून कशी लोपली, याचे उत्तर केवळ तंत्रात शोधणे एकांगी ठरेल. माल्टवरील करामुळे व घटत्या मजुरीमुळे खेड्यातील चूल थंडावली, ही कॉबेट यांची तक्रार होती. ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरील कर काढून तो बिअरवर बसविला. त्याबरोबरच घरापुरती बिअर करणाऱ्यासही परवाना आवश्यक झाला. ही अट ८३ वर्षे राहिली. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकात ती रद्द केली. विक्री न करण्याच्या अटीवर कोणालाही घरी बिअर करण्याची मुभा मिळाली.

मुभा मिळाली तरी मधल्या काळात घर बदलले होते. अहोरात्र धुमसणारी स्वयंपाकघरातील चूल गेली होती आणि सर्व खोल्या तापविणारी मध्यवर्ती व्यवस्था अद्याप बहुसंख्य घरांत आली नव्हती. बैठकीच्या खोलीत संध्याकाळी कोळशाची शेगडी वा गॅसचा हीटर चाले. झोपताना तो बंद होई. पहाटेपर्यंत खोलीचे तापमान आठ-दहा अंशांनी घसरे. यीस्टला सरासरी तापमानाशी कर्तव्य नसते. संध्याकाळी २० आणि पहाटे १० अंश याची सरासरी १५ भरते. परंतु पहाटे गोठून तळाशी बसलेले यीस्ट दुसऱ्या दिवशी पूर्ववत उठेलच याची शाश्वती नाही. तेव्हा ‘स्थिर’ हा शब्द येथे ‘उबदार’ या शब्दाहून महत्त्वाचा आहे.

पहिला उपाय इंग्रजी घरातच तयार होता. गरम पाण्याच्या तांब्याच्या टाकीभोवती कपडे सुकविण्यासाठी केलेले कपाट, म्हणजे ‘एअरिंग कबर्ड’, ही घरातील एकमेव सदैव उबदार जागा होती. तेथे काचेचे बुधले आणि प्लॅस्टिकच्या बादल्या जाऊन बसल्या. उतू गेलेल्या फेसाने इस्त्रीच्या चादरी खराब झाल्याचे विनोद त्या पिढीच्या बोलण्यात ऐकू येत. तथापि कपाटाचे तापमान टाकीवर अवलंबून असे, बिअरवर नव्हे. स्नानाच्या वेळी ते सहज २५ अंशांवर जाई. घरगुती वाइनला ते चाले, एलला नाही.

दुसरा उपाय विजेचा. सी. जे. जे. बेरी यांचे ‘होम ब्रूड बिअर्स अँड स्टाउट्स’ (१९६३) व डेव्ह लाइन यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रुइंग’ (१९७४) या पुस्तकांनी घडविलेल्या पिढीने नाना साधने हाताळली. शोभेच्या माशांच्या टाकीत वापरला जाणारा काचेच्या नळीतील हीटर, त्यातील तापनियंत्रकासह, या कामी आयताच सापडला. एका रुंद टबात पाणी भरून त्यात हीटर सोडायचा आणि मधोमध बिअरची बादली ठेवायची. पाण्याचा साठा मोठा असल्याने तापमान संथपणे बदलते व बादलीला चहूबाजूंनी सारखी ऊब मिळते. कारखान्यातील अटेंपरेटरची ही जणू आतून बाहेर उलटविलेली आवृत्ती. काहींनी हीटर थेट बिअरमध्येच बुडविला. पण तेथे प्रत्येक खेपेस तो निर्जंतुक करावा लागे, आणि द्रवाबाहेर काढताना वीज चालू राहिल्यास काच तडकण्याचा धोका असे.

त्यानंतर बाजारात आले ते भांड्याखाली ठेवायचे तापते तबक आणि भांड्याला गुंडाळायचा तापता पट्टा. यांची क्षमता २५ ते ३० वॅटच्या आसपास. वर मांडलेला हिशेब येथे लागू करता, असे साधन २३ लिटरच्या भांड्याला खोलीहून सुमारे आठ-दहा अंशांनी उबदार ठेवते. खोली १२ अंशांवर असेल तर बिअर २० ते २२ वर राहील, ठीक. परंतु या स्वस्त साधनांत बहुधा तापनियंत्रक नसे. मार्चमधील एखाद्या उबदार दुपारी खोली २० वर गेली की तेच साधन बिअरला ३० अंशांकडे नेई. पट्टा वर-खाली सरकवून उष्णता कमी-अधिक करावी, असा सल्ला दिला जाई. तो सल्ला म्हणजे पुन्हा हाताची पारखच होती, फक्त विजेच्या बिलासह.

तापनियंत्रक ही कल्पना मुळीच नवी नव्हती. कोर्नेलिस ड्रेबेल यांनी १७व्या शतकातच अंडी उबविण्याच्या पेटीसाठी स्वयंनियंत्रित भट्टी रचली होती. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द आणि दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणारे त्याचे एकस्व (पेटंट) अँड्र्यू यूर यांचे, १८३० चे. म्हणजे तत्त्व उपलब्ध असूनही ते घरगुती किण्वनापर्यंत पोहोचण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्या ब्रुअरीला ऊब राखायची नव्हती. ज्यांना ऊब राखायची होती ते कायद्याने व दारिद्र्याने या खटाटोपाबाहेर राहिले होते. साधनांचा इतिहास शोधाच्या तारखेवरून लिहिणे का फसवे ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अटलांटिकपलीकडे आणि उत्तरेकडे

अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला सवलत मिळाली. बिअर मात्र वगळली गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती उणीव दूर केली. फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन आणि एकाहून अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येऊ लागली. घटक राज्यांची संमती मात्र वेगळी होती. अलाबामा व मिसिसिपी यांनी ती २०१३ मध्ये दिली. अमेरिकी उन्हाळा व हिवाळा दोन्ही तीव्र असल्याने तेथे जुना रेफ्रिजरेटर आणि हीटर एकाच नियंत्रकाला जोडण्याची पद्धत पडली. द्रवातील संवेदकाने मर्यादा ओलांडल्याचे दाखविताच एक बंद होऊन दुसरा सुरू होतो. स्वस्त अंकीय नियंत्रकांमुळे २००० नंतर हीच मांडणी इंग्लंडमध्येही पसरली. कारखान्याचा गारवा आणि घराची ऊब एका पेटीत नांदू लागली ती येथे.

या साऱ्या कथेला एक अपवाद पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांचा आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांच्या काढ्यात घालतात आणि पिंप घोंगड्यांत गुंडाळतात. दोन-तीन दिवसांत किण्वन आटोपते. पिंपे शंभर लिटरहून मोठी व किण्वन वेगवान, त्यामुळे आतील ऊबच पुरी पडते. या यीस्टचा घरगुती यीस्टमध्ये स्वतंत्र आनुवंशिक गट असल्याचे २०१८ मधील संशोधनाने दाखविले. इतर ठिकाणी माणसाने यीस्टसाठी तापमान सांभाळले; येथे शेतकऱ्यांच्या रीतीला सोसणारेच यीस्ट निवडीतून उरले. आता ते पाकिटांत मिळते व तापमानाची कटकट संपविणारे म्हणून त्याची जाहिरात होते. उन्हाळ्यात ते खरेही आहे. हिवाळ्यात मात्र, ज्या इंग्रजी घरात २३ लिटरची बादली २० अंशांवर ठेवण्यासाठी पट्टा लागत असे, तेथे क्वाइकसाठी ती ३५ अंशांवर न्यावी लागते आणि एक पट्टा पुरत नाही.